शिध्यातली बाजरी

लग्न होऊन देवळाली प्रवरेच्या घरात आले, त्या पहिल्या आठवड्यातच माझ्या लक्षात आलं की या घरात बाजरी नाही. नगरला माझ्या माहेरी थंडीत रोज बाजरीची भाकरी असायची. इथले डबे उघडून पाहिले तर तांदूळ, गहू, हरभऱ्याची डाळ, गुळाची ढेप आणि तुपाची बरणी. मला वाटलं, आपण चांगल्या सुखवस्तू घरात पडलो. घर सुखवस्तू वगैरे काही नव्हतं. ते भिक्षुकाचं घर होतं, आणि भिक्षुकाच्या घरात शिध्यात येतं तेच शिजतं.

आमचे यजमान बहुतेक शेतकरी. त्यांच्या घरचं शिजलेलं आम्ही खायचं नाही, अशी तेव्हाची रीत. म्हणून पूजा असो की श्राद्ध, विधी झाला की ते सुपात कोरडा शिधा द्यायचे. तांदूळ, गव्हाचं पीठ, डाळ, गूळ, वाटीभर तूप, आणि वर एखादा भोपळ्याचा तुकडा नाहीतर दोन बटाटे. त्यात बाजरी कधी नसायची. बाजरी घरच्यांनी खायची, गड्यांनी खायची. भटजीला द्यायचं ते पांढरं, बारीक, उत्तम असं द्यायचं. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण तो मोडलेला कोणी पाहिला नव्हता. दुसऱ्या जागतिक लढाईच्या दिवसांत तांदूळ दिसेनासा झाला, तेव्हाही ज्या घरात पोरांना सणाला भात मिळत नव्हता त्या घरातून आमच्या सुपात पसाभर तांदूळ यायचे. कुठून आणायचे देव जाणे.

माझे सासरे, म्हणजे मामंजी, तेव्हा पासष्टीच्या घरात होते. आवाज असा खणखणीत की कालव्याच्या पाटापलीकडच्या उसात खुरपणाऱ्या बायकांना आज कोणाच्या घरी सत्यनारायण आहे ते कळायचं. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. आमचे हे शेवगावला शाळामास्तर. तिथे एका खोलीत हाताने खिचडी उकडून खायचे आणि सणासुदीला घरी यायचे. म्हणजे घरात एक सासरा, एक सून आणि गोठ्यात एक गाय. सासऱ्याने सुनेशी फार बोलायचं नसतं, पण माझ्या जिभेला हाड नाही हे मामंजींनी पहिल्या महिन्यातच ओळखलं आणि पुढे ते रोज दुपारी माझ्याशी वाद घालायलाच ओटीवर बसायचे. वादात हरले की पंचांग उघडायचे.

त्यांची एक गोष्ट मात्र वादापलीकडची होती. विधीचं असेल तेवढंच ते घ्यायचे. एकदा एका बागाइतदाराने सहज म्हणून भुईमुगाच्या शेंगांचं पोतं पाठवलं, ते त्यांनी त्याच गाडीतून परत धाडलं. म्हणाले, कशाबद्दल? मी काही सांगितलं नाही, काही केलं नाही, मग हे दयेचं झालं. मला त्या शेंगा डोळ्यांसमोर दिसत राहिल्या, पण मनातून त्यांचा अभिमानही वाटला.

लग्नानंतर चौथ्या वर्षी, लढाई चालू असतानाच, उन्हाळा सरता सरता त्यांची तहान वाढली. तांब्या भरून ठेवावा तर घटकेत रिकामा. ओठांचे कोपरे चिरले, जीभ लाल झाली, आणि दुपारी ते परातीत पाणी घेऊन त्यात पाय बुडवून बसू लागले, कारण तळपायांची आग होत होती. परसात शेवग्याच्या झाडाखाली एक दगड होता, तिथे पुरुषमाणसांनी लघवीला जायचं. एका सकाळी तिथे मुंग्यांची रांग दिसली. गूळ सांडला असेल म्हणून मी पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा रांग. सुनेने सासऱ्याच्या अशा गोष्टीकडे पाहायचं नसतं, पण मी रोज पाहू लागले.

मग एक दिवस ते पाटाच्या कडेने अनवाणी घरी आले आणि मला शेणाने सारवलेल्या जमिनीवर रक्ताचे ठसे दिसले. बाभळीचा बोटभर काटा टाचेत रुतला होता. काटा घेऊन ते मैलभर चालत आले होते आणि त्यांना पत्ताच नव्हता. मी काटा काढला तरी त्यांनी तोंड वाकडं केलं नाही. ते ग्रहांबद्दल काहीतरी सांगत होते, ते सांगतच राहिले. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

तीन आठवड्यांत ती जखम भरली नाही, तेव्हा बैलगाडी करून आम्ही राहुरीला गेलो. डॉक्टर तरुण होता, पुण्याहून शिकून आलेला. त्याने काचेच्या नळीत निळं पाणी घेतलं, त्यात मामंजींच्या लघवीचे थेंब टाकले आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि बघता बघता विटकरी. डॉक्टर म्हणाला, भरपूर साखर आहे. मग त्याने विचारलं, रोज जेवता काय? मी तोऱ्यात सांगितलं की आमच्याकडे शुद्ध तांदूळ, गहू, डाळ आणि घरचं तूप, दुसरं हलकंसलकं काही नाही. तो माझ्याकडे बघतच राहिला.

त्याने शांतपणे समजावून सांगितलं. एक म्हणजे शरीराला गोड पेलत नाही, ते लघवीतून वाया जातं आणि जखम भरू देत नाही. दुसरं, वर्षानुवर्षं कांडून सडलेले, म्हणजे कोंडा काढलेले पांढरे तांदूळ खाऊन आणि पालेभाजी न खाऊन अंगात जीवनसत्त्वं उरलेली नाहीत. तोंडाचे कोपरे, जीभ आणि पायांची आग यांत या उणिवेचाही हात आहे. जीवनसत्त्व हा शब्द मी तेव्हा प्रथम ऐकला. मामंजींना तो आवडला. इंग्रजी नाव असतं तर त्यांनी नाक मुरडलं असतं, पण जीवन आणि सत्त्व ही दोन्ही त्यांची ओळखीची माणसं होती. डॉक्टरने पथ्य सांगितलं. गूळ-साखर बंद, भात नावापुरता आणि तोही न सडलेल्या तांदळाचा, बाजरीची लहान भाकरी, कडधान्य, ताक, आणि पालेभाजी खावी तितकी. कोंडा टाकायचा नाही. तो कोंडा आम्ही गाईला घालत होतो. म्हणजे आमची गाय आमच्यापेक्षा चांगलं जेवत होती.

या रोगावरची इंजेक्शनं लढाईमुळे मिळत नव्हती. डॉक्टर शेवटी म्हणाला की दसऱ्यापर्यंत जखम भरायला लागली नाही तर नगरच्या दवाखान्यात नेऊन पाय कापावा लागेल. हे त्याने मामंजींच्या तोंडावर सांगितलं, त्याबद्दल मला त्याचा राग आला आणि आदरही वाटला.

परतताना अर्ध्या वाटेपर्यंत ते पायाचं फडकं सोडून पुन्हा पुन्हा बांधत राहिले. मग म्हणाले, "रोगी ब्राह्मणाला श्राद्धाला बोलावत नाहीत, मुली. आणि पाय तुटलेल्याला तर कशालाच नाही. हे गावात कळता कामा नये." मी कबूल केलं. पितृपक्ष दोन महिन्यांवर आला होता. रोग कळला तर मान जाणार आणि रोग बरा झाला नाही तर पाय जाणार, अशी ती कात्री होती.

आता माझी हुशारी ऐका. मी सातवी पास, म्हणजे अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालेली. बाजारातून बाजरी आणावी तर दिवस मावळायच्या आत गावभर होणार, की भटजींच्या सुनेने बाजरी घेतली, आमच्या तांदळात काय खोट निघाली? म्हणून बाजरीचा विषय मी बाजूला ठेवला. गूळ मात्र कुलपात टाकला. आणि मला वाटलं, श्रावण तोंडावर आहे, उपास वाढवावेत. पोटाला विश्रांती मिळाली की रोग आपोआप पळतो. मामंजींना तर उपास म्हणजे आनंदच. सोमवार, शनिवार, एकादशी, प्रदोष, संकष्टी असं सगळं धरलं. उपास म्हणजे काय, तर रताळी, केळी, बटाटे, भगर, वर आटवलेलं दूध. एकादशी अन् दुप्पट खाशी म्हणतात ते खोटं नाही. वर श्रावणात पालेभाजी वर्ज्य, हे त्यांचं जन्माचं व्रत. डॉक्टरने जे जे सांगितलं होतं त्याच्या बरोबर उलटं मी मोठ्या भक्तिभावाने करत होते.

गावाला तर भलताच आदर वाटला. भटजीबुवा या वयात एवढे कडक उपास करतात म्हणून बायका केळ्यांचे घड आणून देऊ लागल्या. रताळ्यांची पाटी आली. उपासाच्या पारण्याचं ते दान, म्हणजे विधीचं, म्हणून मामंजींनीही नाही म्हटलं नाही. त्या दगडाला आता मुंग्या नव्हे, मुंगळे लागले. जखमेची कड काळपट दिसू लागली. मी ती रोज कडुलिंबाच्या पाण्याने धुवायची. दुसऱ्यांदा राहुरीला गेलो तर नळीतलं पाणी पहिल्यापेक्षा लवकर विटकरी झालं. डॉक्टरने रताळी-केळ्यांची यादी ऐकली आणि कपाळाला हात लावला. माझ्या हाताने मी हे केलं होतं. त्या दिवशी घरी येऊन मी गोठ्यात गाईच्या गळ्यात पडून रडले.

भाद्रपद लागला आणि श्राद्धाच्या तिथी विचारायला माणसं येऊ लागली. त्यांत पाटाखालच्या मळ्यातली एक म्हातारी होती. मामंजींच्याच वयाची असेल. दात सगळे जागच्या जागी, आणि डोक्यावर गवताचा भारा असा की मला तो उचलूनही देता आला नसता. ती आली की आमच्या गाईसाठी ओला चारा आणायची आणि परसाच्या दाराने यायची. त्या दिवशी चारा टाकून ती परत वळली आणि शेवग्याखालच्या त्या दगडापाशी थांबली. बराच वेळ मान खाली घालून पाहत राहिली. मग तिने मला हाक मारली.

"सूनबाई, हे कवापासून?"

मी दगडावर पाणी ओतायला तांब्या उचलला. ती तिथेच खाली बसली आणि तिने सांगितलं ते मी जन्मात विसरणार नाही. तिच्या घरी पाटाचं पाणी आलं, ऊस झाला, गुऱ्हाळ लागलं, आणि तिच्या नवऱ्याला भाकरी नकोशी झाली. आता आपण मोठे झालो, आता आपणही भटजीसारखं खायचं, म्हणून रोज भात, रोज पोळी, वर गुळाचा खडा. तीही कौतुकाने वाढायची. मग दगडाला मुंगळे लागले, मग पायाचं बोट काळं पडलं. "म्या माज्या हातानं पांढरं घालून घालून मारलं त्यांस्नी," ती म्हणाली. "तवा आमाला कोनी सांगाय न्हाई आलं."

मी काय खायला घालते हे तिने विचारलं. रताळी ऐकून तिने डोळे मिटले. म्हणाली, तुमी तर गड्याला आगीतून काढून फुफाट्यात टाकलं. मग उठली, हात वर करून शेवग्याचे कोवळे डहाळे मोडले आणि माझ्या ओच्यात टाकले. हे काय शेळीसाठी लावलंय व्हय, असं विचारून वर हसली. चार वर्षं मी त्या झाडाच्या शेंगा काढत होते, पण त्याचा पाला भाजीचा असतो हे कधी डोक्यात आलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ती आमची तऱ्हा.

पाला मामंजींनी खाल्ला, कारण झाड घरचं होतं आणि श्रावण संपला होता. पण दुसऱ्या दिवशी म्हातारीने पदराआडून पायलीभर बाजरी आणून दिली, तिथे गाडं अडलं. मी भाकरी ताटात वाढली. ती माझ्या हातची, म्हणजे कडेला फाटलेली आणि मधे करपलेली, पण भाकरी होती. त्यांनी विचारलं, बाजरी कुठली? मला खोटं बोलता येत नाही असं नाही, पण त्यांच्यापुढे येत नसे. मी सांगितलं. त्यांनी भाकरी उचलून गाईला घातली. तिच्या नवऱ्याचं श्राद्ध मी सांगणार आणि तिची दया मी खाणार, हे जमायचं नाही, असं म्हणाले. मी संतापले. म्हटलं, "मग पाय कापून घ्या आणि तत्त्व खुंटीला टांगा." सासऱ्याला असं बोलणारी सून त्या काळात विहिरीत ढकलून दिली असती. ते फक्त म्हणाले की तुझं बरोबर आहे, पण माझंही चूक नाही, आणि भात कालवू लागले.

म्हातारी पुन्हा आली तेव्हा मी तिला हे सांगितलं आणि शपथ घातली, की रोगाची गोष्ट तिच्या तोंडून कोणालाही कळता कामा नये. तिने विचारलं, मग घेत्यात तरी काय? मी म्हटलं, विधीचं तेवढं. तिने मान हलवली आणि गेली.

तिच्या नवऱ्याची तिथी आली. मामंजी गाडीत बसायला तयार नव्हते. पायाला फडकं बांधून, काठी टेकत ते मळ्यापर्यंत चालत गेले. मी पूजेची पिशवी घेऊन मागून गेले आणि तिथल्या बायकांत बसले. अंगणात सारवून पाट मांडला होता. तिघे मुलगे, सगळी भाऊबंदकी, बाहेरगावचे सोयरे आलेले. विधी यथासांग झाला. मामंजींचा आवाज तसाच खणखणीत होता, फक्त उठताना ते काठीवर जास्त वेळ थांबले.

मग म्हातारीने सूप आणून समोर ठेवलं आणि वरचं फडकं काढलं. सुपात बाजरी होती. तिच्याशेजारी मटकी, न सडलेल्या तांबूस तांदळाची मूठ, तांदुळजाची मोठी जुडी आणि शेवग्याचा पाला. गहू नाही, गूळ नाही, पांढऱ्या तांदळाचा दाणा नाही.

अंगणात कुजबुज सुरू झाली. एक चुलत दीर मोठ्याने म्हणाला, पाटाखाली एवढा ऊस उभा असताना मेलेल्या माणसाच्या नावानं बाजरी, काय दळिद्र आठवलं म्हातारीला. थोरल्या मुलाचा चेहरा पडला. त्याने आईला हळूच सांगितलं की तांदूळ-गूळ घेऊन ये. ती म्हणाली, हेच द्यायचंय. त्याने विचारलं, का? तिने सूप आणखी पुढे सरकवलं. कोणीतरी म्हणालं की वयानं डोकं फिरलंय, दुसऱ्याने चिक्कूपणा म्हटलं. ती पदर धरून उभी राहिली आणि एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी घातलेली शपथ ती पाळत होती. माझं एक वाक्य तिला पुरलं असतं. मी खाली पाहिलं. त्याची लाज मला आज म्हातारपणीही वाटते.

मामंजींना सगळं समजलं होतं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग सुपाकडे, मग काठी घेऊन ते उभे राहिले.

"या बाईंची काही चूक नाही," ते म्हणाले. "मला गोड लघवीचा रोग झालाय. हा पाय त्याच्यामुळेच नासतोय. मी दोन महिने गावापासून लपवलं. मला काय खायला हवं ते यांनी सुपात घातलं, आणि माझी अब्रू राहावी म्हणून स्वतः बोल खाऊन घेतले. शास्त्राप्रमाणे रोगी माणसाने श्राद्ध सांगू नये. आज सांगितलेलं तुम्हाला चालत नसेल तर दुसऱ्या भटजींकडून पुन्हा करून घ्या. मला राग येणार नाही."

ज्या माणसाने शेंगांचं पोतं परत धाडलं होतं, तो माणूस भर अंगणात आपली लाज उघडी करून उभा होता. एका बाईला उगाच बोल लागू नये एवढ्यासाठी. मला रडू आवरेना. माझ्या आयुष्यात मी विद्वान पुष्कळ पाहिले, शूरही काही पाहिले, पण त्या दिवसाइतकं मोठं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही.

थोरल्या मुलाने आधी आईकडे पाहिलं. मग त्याने पुढे होऊन सूप स्वतःच्या हाताने उचललं.

"आमचा बाप ह्याच दुखन्यानं गेला, भटजीबुवा," तो म्हणाला. "त्यानं काय सोसलं ते तुमालाच कळंल. दुसरा भटजी कशाला?"

मामंजींनी दोन्ही हातांनी सूप घेतलं. म्हातारी पुढे आली आणि नमस्काराला वाकली. फडकं बांधलेल्या पायाला तिने हात लावला नाही, त्याच्याशेजारच्या जमिनीला लावला. दुखू नये म्हणून असेल. त्यांना तिथे काही जाणवत नव्हतं हे तिला कोण सांगणार?

या गोष्टीचा शेवट सगळाच गोड झाला असं नाही. राहुरीतल्या दोन ब्राह्मण घरांनी त्या पितृपक्षात दुसरे भटजी बोलावले. तीस वर्षांच्या यजमानकीची ती घरं होती. मामंजींनी मला ते पंचांग चाळता चाळता सांगितलं आणि पुढची दोन पानं उगाच उलटली. त्यांना लागलं होतं. शेतकऱ्यांच्या घरांपैकी मात्र एकानेही भटजी बदलला नाही, शिधा तेवढा बदलला. पितृपक्ष संपेपर्यंत आमच्या घरात बाजरी, हुलगे, मटकी, मेथी, शेपू, अंबाडी आणि घोळ यांचा असा ढीग पडला की गाईनेही शेपूकडे पाठ फिरवली. एका घरून तर कोंड्याची पिशवी आली, तिच्यावर हळदकुंकू वाहिलेलं.

खाणं बदलणं सोपं नव्हतं. पासष्ट वर्षं भातावर पोसलेल्या माणसाला भाकरी म्हणजे शिक्षाच. त्यांचे तीन दात हलत होते. मी भाकरी ताकात कुस्करून द्यायची आणि ते शांतिपाठ म्हणावा तशा गंभीरपणे ती खायचे. पहिल्या महिन्यात त्यांनी तांदुळजाला जी नावं ठेवली ती संस्कृतात होती म्हणून बरं. घासाघासाला ते विचारायचे, आज किती सत्त्व गेलं पोटात? पण एकदा ठरवलं ते ठरवलं. लोकांच्या घरी सत्यनारायणाचा शिरा ओठांना लावून ते परत ठेवायचे, आणि पोथी संपली की म्हाताऱ्याकोताऱ्यांना बसवून सांगायचे, की तांदळाचा कोंडा फेकू नका आणि भाकरीला लाजू नका, मी लाजलो आणि पाय जाता जाता राहिला. ज्या रोगासाठी त्यांनी दोन महिने तोंड लपवलं होतं, तो ते आता स्वतःहून सांगत होते. पाटावर कपडे धुणाऱ्या बायका मला विचारायच्या, भटजीबुवांच्या दगडाला मुंग्या हायेत का गेल्या? मी म्हणायची, कमी झाल्या.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही राहुरीला गेलो. डॉक्टरने फडकं सोडलं, जखम पाहिली, आणि पुन्हा वाकून पाहिली. काळपट कड गेली होती आणि खालून गुलाबी मांस दिसत होतं. मग निळ्या पाण्याची नळी दिव्यावर धरली. ते हिरवं झालं. मी श्वास रोखून पिवळ्याची वाट पाहत होते. पण ते हिरव्यावरच थांबलं. डॉक्टर म्हणाला, आता कापायचं काही राहिलं नाही. मामंजींनी त्याला विचारलं, तुमच्या आईला बाजरी खायला घालता का? तो लाजला.

संक्रांतीपर्यंत जखम पुरती भरली. तळपायांची आग पूर्ण गेली नाही, पण परात मात्र पुन्हा कणीक मळायच्या कामाला लागली. त्यानंतर तीन वर्षं ते दोन्ही पायांवर गावभर हिंडले. लढाई संपली, त्याच्या पुढल्या वर्षी तापाने गेले. शेवटपर्यंत त्यांनी मळ्यातल्या म्हातारीच्या घरचं श्राद्ध स्वतः सांगितलं आणि शिध्याला बाजरीच घेतली.

वर्षश्राद्धाला हे शेवगावहून आले. राहुरीहून नवे भटजी बोलावले होते, तरुण, पाठांतराचे पक्के. मी रीतीप्रमाणे त्यांच्यासाठी ताट भरून ठेवलं होतं. पांढरे तांदूळ, गव्हाचं पीठ, डाळ, गूळ, तूप. विधी आटोपत आला तेव्हा परसाच्या दारातून म्हातारी आली. आता ती चांगलीच वाकली होती, आणि सूप तिच्या नातवाने धरलं होतं. सुपात बाजरी, तांदुळजा आणि शेवग्याचा पाला. तिने ते दारातच ठेवलं.

नवे भटजी गडबडले. म्हणाले, श्राद्धाचं अन्न ब्राह्मणाच्या मुखातून पितरांना पोचतं, त्यात बाजरी कशी चालेल?

"जे खाऊन ते चालले," म्हातारी म्हणाली, "त्येच त्यांस्नी पोचू द्या."

भटजींनी ह्यांच्याकडे पाहिलं, ह्यांनी माझ्याकडे. या वेळी मी खाली पाहिलं नाही. मी तांदळाचं ताट उचलून आत नेलं, आणि दारातलं सूप आणून त्याच्या जागी ठेवलं.